पत्र्याखालचा माळा: टपकणारे पाणी पावसाचे की घरातलेच?

माळ्यावरची_पेटी

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या घरी यंदा गणपतीला सगळे जमलो होतो. आरासीचे सामान काढायला माळ्यावर चढलो, तेव्हा जे दिसले त्यावरून हा धागा काढत आहे. घर जांभ्या चिऱ्याचे असून माजघरावर आणि स्वयंपाकघरावर फळ्यांचा माळा आहे. पूर्वी वर मंगलोरी कौले होती. वानरे कौले फोडत आणि शाकारणीला माणसे मिळेनाशी झाली, म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही वासे-रिपा उतरवून लोखंडी पाइपांचा सांगाडा केला व त्यावर रंगीत पत्रे घातले.

आता तीन ठिकाणी त्रास आहे. माजघरात मागच्या भिंतीपासून साधारण चार फुटांवर, जोराचा पाऊस असला की पाणी टपकते, पण प्रत्येक पावसात टपकत नाही. स्वयंपाकघरावरच्या फळ्यांवर ओळीने काळपट ठिपके पडले आहेत. माळ्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या भाताच्या पोत्यांची भिंतीकडची बाजू बुरशीने हिरवट झाली आहे. माजघरातल्या गळतीच्या बरोबर वर पत्र्याचे सहा स्क्रू आहेत. मिस्त्रींनी त्यांच्यावर दोनदा सीलंट लावले, तरी फरक पडला नाही. आता एक जण म्हणतो की सगळ्या पत्र्यावर जलरोधक रंगाचे दोन हात मारा, दुसरा म्हणतो की पत्रे उतरवून नव्याने बसवा आणि त्यासाठी ८५ हजार रुपये लागतील. आई तिथे एकटी असते, त्यामुळे काम अर्धवट राहणे आम्हाला परवडणार नाही. खर्च करण्याआधी कारण नक्की कसे शोधावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

चिरेबंदी

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. तुम्ही खर्चाआधी कारण विचारलेत ते योग्य केलेत, कारण गळतीच्या कामात बहुतेक पैसा पाणी जिथे दिसते तिथे ओतला जातो आणि पाणी शिरते ती जागा तशीच राहते. पाणी आत आले की ते पत्र्याच्या पोटाला, पाइपाला किंवा वाशाला चिकटून उताराने वाहत जाते आणि जोड, वाक, वेल्डिंगचा गोळा अशी काही अडचण आली की तिथे खाली पडते. टपकण्याच्या जागेपासून शिरण्याची जागा आठ-दहा फूट दूर असणे यात नवल काही नाही.

पहिले काम वहीचे आहे. आईंना किंवा शेजारच्या कुणाला एवढेच लिहून ठेवायला सांगा: पाऊस किती वाजता सुरू झाला, वारा कुठून होता, टपकणे किती वाजता सुरू झाले आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ चालू राहिले. फळीवरच्या डागाभोवती खडूने रेघ मारून तारीख घाला, म्हणजे डाग वाढतो आहे की जुनाच आहे ते कळेल. पाऊस सुरू होताच टपकू लागले तर पाण्याला थेट वाट आहे. तासा-दोन तासांनी सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही चालू राहिले तर मधे कुठेतरी भिंत पाणी पिऊन बसते आहे. जांभा तर पाणी शोषण्यात पटाईत. आणि पाऊस नसतानाच पाणी आले तर पावसाचा विचार बाजूला ठेवून घरात पाहायला हवे.

तुमच्या लिहिण्यात 'प्रत्येक पावसात टपकत नाही' हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पत्र्याला भोक असेल तर ते भोक पाऊस निवडत नाही.

पत्रेकाम_कुडाळ

मी पत्र्याचीच कामे घेतो. चिरेबंदी काकांच्या म्हणण्याला जोडून सांगतो की स्क्रूवर वरून सीलंट थापणे हा उपाय नव्हे. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने तडकलेला असेल किंवा स्क्रू जास्त आवळल्याने बाहेर फुगून आला असेल, तर तो स्क्रू काढून थोडा जाड स्क्रू नव्या वायसरसह घालावा लागतो. सीलंट एका उन्हाळ्यात सुटते, कारण पत्रा रोज तापून पसरतो आणि रात्री आकसतो.

स्क्रूशिवाय दोन जागा पाहा. पहिली म्हणजे एका पत्र्यावर दुसरा पत्रा येतो तो जोड. उतार कमी असला आणि आडवी झड आली की दोन पत्र्यांच्या फटीतून पाणी वर चढते. दुसरी, आणि कोकणात माझ्या अनुभवाने जास्त त्रासाची, म्हणजे पत्रा जिथे भिंतीला टेकतो ती रेघ. तिथे बरेच जण सिमेंट भरून मोकळे होतात. पत्रा हलतो, सिमेंट हलत नाही, म्हणून पहिल्याच वर्षी केसाएवढी चीर पडते. तुमच्या घराच्या बाजूच्या त्रिकोणी भिंती पत्र्याच्या वर आलेल्या आहेत का?

माळ्यावरची_पेटी

हो, पश्चिमेची त्रिकोणी भिंत पत्र्यापेक्षा जवळपास फूटभर उंच आहे आणि तिला लागून सिमेंटच भरलेले आहे. मात्र गळती त्या भिंतीपासून बरीच आत आहे.

दुसरी गोष्ट, आईने वहीत चार दिवसांच्या नोंदी केल्या. त्यातल्या एका दिवशी पावसाने पूर्ण उघडीप दिली होती, रात्री चांदणे होते, आणि तरी पहाटे स्वयंपाकघरावरच्या माळ्यात टपटप ऐकू आली. आईचे म्हणणे असे की वरच्या पत्र्यात कुठेतरी पाणी साठून राहिले असावे.

डुलुथकर

साठलेले पाणी नव्हे असे मला वाटते. मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे राहतो. आमच्या लाकडी घरांच्या छपराखाली एक बंद पोकळी असते, तिला इथे ॲटिक म्हणतात. पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीस आमच्या छतावर पिवळे डाग पडले. मी छप्पर दुरुस्त करणाऱ्याला बोलावले, त्याने वर जाऊन विजेरी मारली आणि मलाही वर बोलावले. छपराच्या फळीतून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर बर्फाचा पांढरा मणी होता, शेकडो मणी, रांगेत. छप्पर कुठेही फुटलेले नव्हते. न्हाणीघरातील पंख्याचा पाइप कुणीतरी बाहेर न नेता ॲटिकमध्येच सोडला होता. आमच्या आंघोळीची वाफ वर जाऊन थंड खिळ्यांवर गोठत होती आणि ऊन पडले की वितळून खाली येत होती.

तुमच्या फळ्यांवरचे ठिपके 'ओळीने' आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ते स्क्रूंच्या किंवा पन्हळींच्या रांगांशी जुळतात का, ते पाहावे. गळतीचा डाग एका जागी असतो आणि त्याला तपकिरी कडा असते. घामेजलेल्या पत्र्याचे ठिपके सगळीकडे सारख्या अंतरावर पडतात. इथे उपाय म्हणून वारा खेळता ठेवतात. ॲटिकच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या भागाइतकी, आणि काही अटी पाळल्या तर तीनशेव्या भागाइतकी मोकळी जागा झरोक्यांना ठेवावी, असा बांधकाम नियम आहे. झरोके निम्मे खाली वळचणीला आणि निम्मे वर आढ्याला असतात. तुम्हीही तेच करावे असे सुचवतो.

शाकारणी

डुलुथकरांचा अनुभव मोलाचा आहे आणि रोगाचे निदानही मला पटते, पण औषध जसेच्या तसे इथे लागू होईल असे वाटत नाही. त्यांच्याकडे हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते. उणे १८ अंशांच्या हवेत एका घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम पाणी मावते, त्यामुळे ती आत घेतली की ॲटिक सुकते. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली असते. २५ अंशांना एका घनमीटरमध्ये २३ ग्रॅमपर्यंत पाणी राहू शकते आणि त्यातले ऐंशी-नव्वद टक्के अगोदरच हजर असते. झरोके उघडून आपण तीच हवा आत बोलावतो.

थोडा हिशेब मांडतो. हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर सुमारे २१ अंशांवर दव पडू लागते, म्हणजे पत्रा हवेपेक्षा चार अंशांनी थंड झाला की त्याला घाम फुटतो. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो, चार अंश काही फार नव्हेत. कच्छच्या किनारपट्टीवर पत्र्याच्या छपरावर पडणारे हे दव गोळा करून प्यायचे पाणी मिळवण्याचे प्रयोग झाले आहेत, इतके ते भरवशाचे असते. आईंनी ऐकलेली टपटप चांदण्या रात्रीनंतरच्या पहाटेची होती, यात सगळे आले.

कौलांच्या छपरात हे होत नव्हते, त्याची कारणे माझ्या लहानपणी डोळ्यांसमोर होती. मंगलोरी कौल, जे बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६० च्या दशकात मंगळूरला यंत्रावर काढायला सुरुवात केली, ते भाजक्या मातीचे असते. ते थोडे पाणी स्वतः पिते आणि दिवसा सोडून देते. दोन कौलांमध्ये फट असते, त्यामुळे सगळे छप्पर श्वास घेते. आणि खाली चूल पेटलेली असायची. चुलीचा धूर नि ऊब वर जाऊन माळा कोरडा राहायचा, वासे काळे कुळकुळीत व्हायचे आणि भुंगा त्यांना शिवत नसे. पत्रे आले त्याच सुमारास चुली गेल्या आणि गॅस आला. गॅस जळताना पाणी तयार होते हे आपल्या लक्षात येत नाही. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपला म्हणजे सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात गेलेले असते, पेजेची आणि आमटीची वाफ वेगळीच. ती जाते कुठे, हे पाहिले पाहिजे.

गच्चीवरून

विषय पत्र्याचा आहे, तरी विचारतो. आमचे पुण्यातील घर स्लॅबचे आहे आणि वरच्या मजल्यावरच्या छताला पोपडे धरतात. ओल वरून झिरपते की खोलीतल्या दमटपणाची आहे, हे ओळखता येते का?

चिरेबंदी

येते. डाग आहे तिथे पोपडे खरवडून छत कोरडे पुसा, दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिक व स्लॅब यांच्यामध्ये पाण्याचे थेंब धरले तर ओल स्लॅबमधून येते आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर ती हवेतली आहे. पावसाळ्यात लावा, उन्हाळ्यात लावून उपयोग नाही. आणि गच्चीच्या कठड्याच्या मुळाशी, जिथे भिंत आणि कोबा मिळतात, तिथे चीर आहे का ते पाहा. तपशील असतील तर वेगळा धागा काढावा.

पेटी, आता पाऊस परतला की माजघराच्या गळतीसाठी पाण्याची चाचणी करा. नियम एकच: खालून वर जायचे. आधी फक्त वळचणीकडच्या भागावर पाणी सोडायचे, पंधरा मिनिटे थांबायचे, मग दोन फूट वर. आढ्यावरून सुरुवात केली तर सगळे छप्पर भिजते आणि काहीच कळत नाही. एक माणूस माळ्यावर विजेरी घेऊन बसलेला हवा. त्याआधी घराची मुख्य वीज बंद करा, कारण माळ्यावरून वायरी गेलेल्या असतात. वर चढणाऱ्याने ओल्या पत्र्यावर पाय ठेवू नये, शिडीवरूनच पाणी मारावे.

माळ्यावरची_पेटी

दसऱ्याला गावी जाऊन चाचणी केली. सविस्तर लिहितो, कारण इतरांना उपयोग व्हावा.

विहिरीवरच्या पंपाचा पाइप लावून भावाने शिडीवरून पाणी सोडले आणि मी माळ्यावर बसलो. वळचण, मधला भाग, सीलंट थापलेले ते सहा स्क्रू, आढे, अशा चार टप्प्यांत तासभर गेला आणि आत एक थेंब आला नाही. स्क्रूंवर तर आम्ही मुद्दाम वीस मिनिटे पाणी धरले होते. शेवटी पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीवर आणि तिच्या सिमेंटच्या रेघेवर पाणी मारले. चौथ्या मिनिटाला टपकू लागले, नेहमीच्या जागीच.

ही जागा भिंतीपासून नऊ फुटांवर आहे. पाणी मधे कुठून येते ते दिसेना, म्हणून पाइप पुसून कोरडा केला आणि त्याच्या पाठीवर, म्हणजे पत्रा आणि पाइप यांच्यामधल्या बोटभर फटीत, रांगोळी भुरभुरवली. पुन्हा पाणी मारल्यावर रांगोळीतून एक काळी रेघ भिंतीकडून पुढे सरकत आली, अगदी मुंगीच्या चालीने, आणि दोन पाइप जोडलेल्या वेल्डिंगच्या गोळ्यापाशी थांबून खाली वळली. पाइपाचे टोक भिंतीत चिणलेले आहे आणि पाणी तिथूनच पाइपाच्या पाठीवर चढत होते. चार वर्षे आम्ही ज्या सहा स्क्रूंना दोष देत होतो, त्यांचा यात काही संबंध नव्हता. प्रत्येक पावसात का टपकत नव्हते, तेही उलगडले. पश्चिमेचा वारा असला की झड त्या भिंतीवर आपटते, इतर वेळी भिंत कोरडीच असते. आईच्या वहीतल्या टपकण्याच्या दिवशी वाऱ्याच्या रकान्यात दोन्ही वेळा 'समुद्राकडून' असे लिहिलेले आहे.

तात्पुरती सोय म्हणून भिंतीपासून वीतभर अंतरावर पाइपाला सुतळीचे चार वेढे देऊन तिचे टोक खाली बादलीत सोडले आहे. पाणी आता सुतळीवरून उतरते, माजघरात येत नाही.

पत्रेकाम_कुडाळ

छान शोधलेत. आता दुरुस्ती अशी करून घ्या. सिमेंट काढून टाका. पत्र्याच्या वर साधारण सहा इंचांवर चिऱ्यात इंचभर खोल खाच मारा, पत्र्याची वाकवलेली पट्टी त्या खाचेत बसवून वरून सील करा आणि पट्टीचे खालचे टोक पत्र्याच्या निदान एका पूर्ण पन्हळीवर येऊ द्या. पट्टी भिंतीला पक्की असावी, पत्र्याला खिळवू नये, म्हणजे पत्रा आपल्या जागी हलू शकेल. भिंतीचा माथा उघडा जांभा असेल तर त्यावरही पत्र्याची टोपी घाला, नाहीतर भिंत वरून पाणी पीत राहील. दिवसभराचे काम आहे. पत्रे उतरवण्याचे काही कारण नाही.

माळ्यावरची_पेटी

माथा उघडाच आहे, टोपीही घालून घेतो. हे काम दिवाळीनंतर ठरवले आहे.

स्वयंपाकघराचे पाहताना एक गोष्ट सापडली. पत्रे घातले त्याच वर्षी आईसाठी विजेची चिमणी बसवली होती. तिचा पाइप छतातून वर गेलेला दिसतो, म्हणून तो बाहेर जातो असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो माळ्यावरच, पत्र्यापासून हातभर अंतरावर संपतो. त्याच्या तोंडासमोरचा पत्रा तेलकट आहे आणि ठिपके त्या भोवतीच सर्वांत दाट आहेत. डुलुथकर, तुमचा अनुभव वाचला नसता तर मी त्या पाइपाकडे पाहिलेच नसते.

डुलुथकर

हे वाचून फार बरे वाटले. तो पाइप भिंतीतून बाहेर काढून तोंडाला झडप लावा. शाकारणी यांचे म्हणणे मला मान्य आहे. बाहेरची हवाच ओली असेल तर केवळ झरोक्यांनी भागणार नाही. मोजून पाहायचे असेल तर तापमान व आर्द्रता दाखवणारी दोन छोटी यंत्रे घ्या, एक माळ्यावर आणि एक ओटीवर ठेवा. माळ्याचा दवबिंदू, म्हणजे हवेतले पाणी ज्या तापमानाला दव होऊन पडू लागते तो आकडा, ओटीपेक्षा वर असला तर पाणी घरातून येत आहे, दोन्हीकडे सारखा असला तर ते बाहेरचे दव आहे. पत्र्याचे तापमान दुरून मोजणाऱ्या यंत्राने घेणार असाल तर चकचकीत पत्र्यावर आकडा चुकतो, म्हणून आधी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा. लाकडात सुया टोचून ओल मोजणारे यंत्र मिळाले तर फळ्याही तपासा. वीस टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली तर लाकूड धोक्यात असते.

माळ्यावरची_पेटी

डिसेंबरअखेरच्या नोंदी. चिमणीचा पाइप बाहेर काढण्यापूर्वी सलग तीन पहाटे माळ्याचा दवबिंदू ओटीपेक्षा दोन ते तीन अंशांनी वर होता. पाइप बाहेर काढल्यावर दोन्ही आकडे जवळपास सारखे झाले. टपकणे पुष्कळ कमी झाले, पण थांबले नाही. निरभ्र रात्री दहा वाजता मी पत्र्याचे पोट फडक्याने कोरडे पुसले आणि सहा वाजता पाहिले तर प्रत्येक पन्हळीच्या पोटाला ज्वारीच्या दाण्याएवढे थेंब रांगेत होते. नऊ वाजेपर्यंत ऊन येऊन ते सुकले. माजघरावरही तेच, फक्त थोडे कमी. म्हणजे शाकारणी यांनी सांगितलेले दव आणि घरातली वाफ, दोन्ही खरे होते.

शाकारणी

मग उरलेल्या दवासाठी पत्रा आणि माळ्याची हवा यांच्यामध्ये आडोसा घाला. पत्र्याच्या पोटाला उष्णतारोधक बुडबुड्यांची शीट लावतात, तिचे जोड चिकटपट्टीने बंद केले नाहीत तर हवा मागे जाऊन तिथे घाम धरते आणि तो दिसतही नाही. म्हणून जोडांवर लक्ष ठेवा. काही जण पत्र्याखाली जुनी कौले अंथरतात. ते मला मनापासून आवडते, पण तुमच्या सांगाड्याला ते वजन पेलेल का, हे चिरेबंदी काकांना विचारल्याशिवाय करू नका. आणि भाताची पोती भिंतीपासून हातभर दूर, खाली लाकडी फळकूट घालून ठेवा. पोत्यांना बुरशी भिंतीकडच्या बाजूलाच आली, कारण तिथे वारा फिरत नव्हता.

चिरेबंदी

पाइपांची जाडी आणि अंतर पाहिल्याशिवाय कौलांना हो म्हणणार नाही. हलकी शीट लावावी.

माळ्यावरची_पेटी

जूनची नोंद, धागा अपुरा राहू नये म्हणून. भिंतीची पट्टी आणि माथ्याची टोपी मार्चमध्ये बसली, स्वयंपाकघरावर शीट एप्रिलमध्ये लावून झाली आणि माजघरावरची पुढच्या वर्षी लावू. पट्टी, टोपी, चिमणीचा पाइप आणि शीट मिळून २३ हजार रुपये लागले. मृगाचा पहिला मोठा पाऊस परवा रात्री समुद्राकडून आला आणि दोन तास त्या भिंतीवर आपटत होता. सुतळी मी मुद्दाम काढली नव्हती. आईने सकाळी माळ्यावर जाऊन पाहिले. सुतळी कोरडी होती आणि बादलीत मागच्या वर्षीची रांगोळी तशीच होती.